तिसरं बोलावणं

“बाईसाहेब, आधी आतल्या दारानं जाऊ या,” गाडीचा वेग कमी करत कासमभाई म्हणाले. “पाच मिनिटं बायकांत बसा, सरबत घ्या, ईद मुबारक म्हणा. मग पुढच्या दाराला या. कुणाची काही हरकत असणार नाही.”

“पुढच्या दारासाठी मी तीन दिवस फोनवर भांडलेय, कासमभाई. आता मागच्या दारानं जायला मी काय भांडी घासायला आलेय?”

“मागचं नाही हो, आतलं.”

“एकच ते.”

माझ्या शेजारी त्यांची बायको खतिजाबी मांडीवर नानकटाईचा डबा घेऊन बसली होती. आतल्या दाराशी ती उतरली, बुरखा सारखा केला, खिडकीतून एकदा माझ्याकडे बघितलं आणि गेली. आम्ही वळसा घालून पुढच्या फाटकाशी आलो.

ही एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची ईद. आखातातल्या एका छोट्या राज्यात मी आपल्या वकिलातीत सेकंड सेक्रेटरी होते. राज्याचं नाव सांगत नाही, कारण त्या घरातली काही माणसं अजून हयात असतील. आमचे राजदूत मुलीच्या लग्नासाठी लखनौला गेले होते आणि तीन आठवडे वकिलातीचा कार्यभार माझ्याकडे होता. मी तेव्हा बत्तीस वर्षांची. कासमभाई सारंग आमचे दुभाषी, मूळचे हर्णैचे, पंचवीस वर्षं तिकडे काढलेले. ड्रायव्हर ईदच्या सुट्टीवर, म्हणून त्या दिवशी गाडीही तेच चालवत होते.

तिथली पद्धत अशी की ईदच्या सकाळी सगळ्या देशांचे वकील परराष्ट्रमंत्र्यांच्या वाड्यावर शुभेच्छा द्यायला जातात. पुरुष पुढच्या दिवाणखान्यात, बायका आत. आजवर कुठल्याच देशानं बाई पाठवली नव्हती, त्यामुळे प्रश्नच आला नव्हता. यंदा आला. राजशिष्टाचार खात्यातल्या गृहस्थांचा फोन आला, “मिस टिपणीस, मंत्रिमहोदयांच्या मातोश्री आपलं स्वागत करतील.”

“माझी नेमणूक मंत्रिमहोदयांच्या मातोश्रींकडे झालेली नाही,” मी म्हणाले.

असे चार फोन झाले. शेवटी त्यांनी मान तुकवली. मी दिल्लीला तार करून कळवूनही टाकलं.

माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, नाकावर राग. पण त्याला कारणंही होती. आमच्या सेवेत तेव्हा नियम होता की बाईनं लग्न करायचं तर आधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतोय असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा. पुरुषांना असं काही नव्हतं. एका भल्या माणसानं माझ्यासाठी चार वर्षं वाट पाहिली आणि मग दुसरीकडे लग्न केलं. पहिल्या नेमणुकीवर राजदूतांच्या बायकोनं मला पार्टीच्या दिवशी सामोशांवर देखरेख करायला बसवलं होतं, कारण “तू आहेसच ना रिकामी.” माझ्याबरोबरचे पुरुष तेव्हा बाहेर पाहुण्यांशी बोलत होते. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की पुन्हा कधी बायकांच्या खोलीत जाऊन बसायचं नाही. बाकी सगळं सोडलं होतं, निदान ही खुर्ची तरी सोडणार नव्हते.

आणि त्या सकाळी माझ्या पर्समध्ये एक कागदही होता.

चार महिन्यांपूर्वी वकिलातीत मराठीतून एक पत्र आलं होतं. सुवाच्य, पाटीवर गिरवून घेतल्यासारखं अक्षर. दापोलीकडच्या खाडीकाठच्या एका गावातले निवृत्त शिक्षक, अब्दुलरहिमान परकार गुरुजी. त्यांची मुलगी राबिया मुलं सांभाळायच्या कामावर म्हणून इकडे आली होती. वय एकोणीस. डाव्या भुवईवर व्रण, लहानपणी अंगणातल्या पाट्यावर पडली होती. आठ महिने तिचं पत्र नव्हतं आणि मुंबईच्या एजंटानं दिलेल्या पत्त्यावर घरच नव्हतं. ‘तेथे एक मराठी बाई मोठ्या हुद्द्यावर आहेत असे समजले, म्हणून धीर करून लिहितो.’

मी परराष्ट्र खात्याला एकामागून एक तीन पत्रं धाडली. पोच आली, उत्तर नाही. भेट मागितली, मिळाली नाही. गुरुजींचं पत्र मात्र दर पंधरवड्याला येत होतं, आणि प्रत्येकात शेवटी एकच विचारणा. तेव्हा मी ठरवलं की ईदला मंत्री समोर असतील, तिथं कागद थेट त्यांच्या हातातच द्यायचा. मग कसे उत्तर देत नाहीत ते बघू.

दिवाणखाना लांबच लांब होता. तीन भिंतींना लागून गाद्या, त्यावर तीस-पस्तीस पुरुष. मी दारात उभी राहिले आणि सगळ्यांचं बोलणं थांबलं. मी गडद निळी साडी नेसले होते, पदर दोन्ही खांद्यांवरून. मंत्री उठून उभे राहिले, मग सगळेच उठले. त्यांनी मला उजव्या हाताला बसवलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फार फार बरं वाटलं. सामोशांवर बसवणाऱ्या त्या बाईनं हे बघायला हवं होतं असंही वाटलं.

कासमभाई माझ्या मागे थोडे सरकून बसले. खुशाली विचारून होतेय तोच डाव्या हाताच्या कोपऱ्यातला जाड पडदा हलला आणि एक म्हातारी मोलकरीण डोकावली. मंत्र्यांकडे बघून काहीतरी पुटपुटली. मंत्री हसले.

“उम्म सालेम आत बोलावतायत तुम्हांला,” कासमभाई म्हणाले. उम्म सालेम म्हणजे मंत्र्यांची आई. तिकडे थोरल्या मुलाच्या नावानं आईला हाक मारतात.

“आभार माना. नंतर येते म्हणावं.”

म्हातारी गेली. कॉफी आली. तिकडे चिमुकल्या पेल्यात ओततात आणि पेला हलवून पुरे म्हणेपर्यंत ओतत राहतात. मी दोन घेतल्या. दुसरी संपतेय तोच पडदा पुन्हा हलला.

“बाईसाहेब,” कासमभाई माझ्या कानाशी म्हणाले, “दुसऱ्यांदा बोलावलंय. इथं उगाच दोनदा बोलावत नाहीत. जाऊन या. खरी बोलणी इथं आतच होतात, माझं ऐका.”

“मला इथून उठवायचा बेत आहे हा, कळत नाही का तुम्हांला?” मीही कुजबुजले. “मी उठले की उद्या सगळ्या वकिलातींत एकच गोष्ट होईल. भारताची बाई शेवटी गेलीच बायकांत.”

“होऊ दे की.”

“तुम्हांला काय जातंय होऊ दे म्हणायला?”

मी पर्स उघडून कागद काढला. ते बघून त्यांनी कपाळाला हात लावायचाच बाकी ठेवला.

“आज ईद आहे, बाईसाहेब. आज कागद देत नाहीत. सगळ्यांसमोर तर नाहीच नाही.”

“मग कधी देतात? तीन महिने झाले.”

मी कागद मंत्र्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग अगदी सौजन्यानं त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि बसलेल्या मंडळींना विचारलं. परकार नावाची हिंदी मुलगी, डाव्या भुवईवर व्रण, कुणाच्या ऐकिवात आहे का? सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. कुणी तिच्या बापासाठी चार शब्द हळहळलं. डावीकडच्या गादीवरचा तपकिरी झग्यातला एक माणूस उठला, मंत्र्यांच्या खांद्याला हात लावून निरोप घेतला आणि बाहेर गेला. मी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. माझं सगळं लक्ष मंत्र्यांच्या तोंडाकडे.

“शोध घेऊ,” मंत्री म्हणाले. “इन्शाल्ला.”

मला वाटलं, जिंकलं. चार भिंतींत नाही, तीस माणसांसमोर शब्द दिला होता त्यांनी.

खात्याचा फोटोग्राफर पुढे झाला. मंत्री आणि मी, मध्ये कॉफीची पितळी सुरई. त्याच वेळी ती म्हातारी तिसऱ्यांदा आली. या वेळी ती पडद्याबाहेर अर्धी आली. मंत्र्यांकडे तिनं बघितलंच नाही. मेंदीनं लाल झालेली नखं, हात लांब करून मलाच खुणावत होती, ये, ये. मला संताप आला. फोटोच्या वेळीसुद्धा या लोकांना दम निघत नाही.

मी पर्समधून माझं व्हिजिटिंग कार्ड काढलं. वर अशोकस्तंभ, खाली नाव आणि हुद्दा, मागच्या बाजूला तेच अरबीत. ते कासमभाईंच्या हातात दिलं.

“हे आत द्या. म्हणावं, सवड झाली की येईन.”

कासमभाईंनी कार्ड घेतलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून म्हातारीच्या हातात नेऊन दिलं. म्हातारी क्षणभर तशीच उभी राहिली. मग पडदा पडला.

त्यानंतर मी आणखी वीस मिनिटं बसले. पेट्रोलवर बोलले, खजुरावर बोलले. मग धुपाटणं फिरलं. तिकडे ऊद फिरला की पाहुण्यांनी उठायचं असतं. मी सर्वांत शेवटी उठले.

गाडीत खतिजाबी आधीच येऊन बसली होती. नानकटाईचा डबा तसाच मांडीवर. तिनं तोंडावरचा बुरखा वर घेतला होता आणि ती रडत होती.

“काय झालं?” कासमभाईंनी विचारलं.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, “होती ती आत.”

“कोण?”

“राबिया. गुरुजींची राबिया.”

मी गाडीतून उतरले. आतल्या दारापर्यंत मी चालत गेले की धावत ते मला आठवत नाही. खतिजाबी मागून आली. दारावरच्या माणसानं आमच्याकडे मान वर करूनही बघितलं नाही.

आतल्या दालनात बायका पांगल्या होत्या. पोरं सरबताचे पेले घेऊन पळत होती. उम्म सालेम एकट्याच एका गादीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, सत्तरीच्या, अगदी ताठ. माझं कार्ड त्यांच्या हातात होतं. शेजारचा तक्क्या नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा दबलेला होता. त्यांनी मला तिथंच बसायची खूण केली. खतिजाबी त्यांचं बोलणं मला सांगत राहिली.

“मी तीनदा बोलावलं,” त्या म्हणाल्या.

“मला माहीत नव्हतं.”

“माहीत असतं तर आली असतीस. पण ते पुरुषांत सांगायचं कसं?”

मग त्यांनी सांगितलं. खतिजाबी दोन महिने शिवणाच्या निमित्तानं घरोघर जात होती आणि भुवईवर व्रण असलेल्या मुलीबद्दल विचारत होती. मला याचा पत्ता नव्हता. कासमभाईंना होता, पण त्यांना ती बायकांची चौकशी वाटली होती. उम्म सालेमना शेवटी कळलं की मुलगी त्यांच्याच पुतण्याच्या घरात आहे, कुलपाआड. त्यांनी पुतण्याच्या बायकोला ईदला मुलांसकट बोलावलं. मुलं आली म्हणजे मुलं सांभाळणारी आलीच.

“तू आली असतीस, घटकाभर बसली असतीस,” त्या म्हणाल्या. “जाताना तुझ्याबरोबर बुरख्यातल्या दोघी गेल्या असत्या. एक खतिजा, एक ती. दारावरचा माणूस बायकांकडे बघत नाही. संध्याकाळी पुतण्यानं विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पळाली असेल. माझ्या तोंडावर तो मला खोटं म्हणाला नसता. आणि तू तिकडे तिचं नाव मोठ्यानं वाचायला लावलंस. तो तिथंच बसला होता.”

तपकिरी झगा. खांद्याला हात लावून निरोप.

“त्यानं बाहेरून निरोप धाडला की बायका-मुलांना लगेच गाडीत बसवा. ऐकल्या ऐकल्या मी माझ्या म्हातारीला, मुबारकाला, तुझ्याकडे धाडलं. तिला म्हटलं, हाताला धरून आण. ती हे घेऊन आली.” त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरलं. “मला वाचता येत नाही. म्हटलं, यात काही निरोप असेल. त्या मुलीच्या हातात दिलं.”

मी खतिजाबीकडे बघितलं. ती खाली बघत होती.

“काय म्हणाली ती?”

“बाई मराठी बोलतात का, असं तिनं आल्या आल्याच विचारलं होतं मला. मी म्हटलं, आपल्यासारखंच बोलतात. मग जरा हसली. बोलायची सवयच गेलीय म्हणाली मराठी.” खतिजाबीनं डोळे पुसले. “कार्ड हातात आलं तेव्हा वरच्या सिंहांवरनं बोट फिरवत होती. म्हणाली, हे अब्बांच्या शाळेत होतं. मग म्हणाली, बाई येतायत ना? मी म्हटलं, येतायत.”

“आणि?”

“आणि गाडी आली, बाईसाहेब. कार्ड इथंच ठेवून गेली.”

मी उम्म सालेमच्या पायांशी बसले आणि खरंच हात जोडले. म्हटलं, मुलाला सांगा. एक शब्द टाका. त्यांनी मान हलवली.

“माझ्या सासरचं नाव मी सरकारी कागदावर चढू देणार नाही. ते करायचं असतं तर तुला आत कशाला बोलावलं असतं? मला जे जमत होतं ते मी केलं. पुढचं तुझ्याकडे होतं, बेटी.”

त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रागावल्या नाहीत.

त्याच दुपारी पुतण्याच्या घराला बाहेरून कडी लागली होती. सरहद्द तिथून तासाभरावर होती. अकरा दिवसांनी परराष्ट्र खात्याचं उत्तर आलं, अगदी तत्पर आणि सभ्य. सदर नावाची व्यक्ती या देशात नाही. तोपर्यंत ते खरंही झालं होतं. शेजारच्या दोन्ही देशांतल्या आपल्या वकिलातींना मी लिहिलं, लिहीतच राहिले. राबिया परकारचा पत्ता पुन्हा कुणालाच लागला नाही.

दिल्लीला मी अहवाल धाडला, चार पानी. प्रथमच एका महिला अधिकाऱ्याचं ईदच्या दिवाणखान्यात कसं स्वागत झालं, मंत्र्यांनी कसा जाहीर शब्द दिला, सगळं लिहिलं. तीन बोलावण्यांबद्दल त्यात एक अक्षर नाही. लिहिताना माझा हात थांबला होता, पण मी लिहिलं नाही. मला लाज वाटली आणि भीतीही वाटली. लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, बाई पाठवली की असं होतं. निदान तेव्हा मी स्वतःला हेच कारण दिलं. दिल्लीहून अभिनंदनाची तार आली. पुढच्या वर्षी लग्नाचा तो नियम गेला, मी यथावकाश राजदूत झाले, दोनदा झाले. कासमभाईंनी मला त्या दिवसाबद्दल कधी बोल लावला नाही. खतिजाबीनं मात्र पुन्हा माझ्या गाडीत पाऊल ठेवलं नाही.

गेल्या वर्षी सेवेत नव्यानं आलेल्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला मला दिल्लीला बोलावलं होतं. निम्म्याहून जास्त मुलीच होत्या, बघून बरं वाटलं. मागे पडद्यावर तो फोटो लावला होता. मी, मंत्री, सुरई. खाली लिहिलं होतं, ‘दार उघडणारी पहिली.’ एक चुणचुणीत मुलगी उठली. तिची पहिली नेमणूक तिकडेच होणार होती.

“मॅडम, आम्हांला आता शिकवतात की आधी बायकांच्या बैठकीत जा. पुरुष अधिकाऱ्यांना ते दारच बंद असतं, आपल्याला दोन्ही उघडी असतात. तुमच्या वेळी हे कुणी सांगायचं का?”

“सांगायचे,” मी म्हणाले. “आमचे दुभाषी सांगायचे.”

“आणि फोटोत डावीकडे हा हात कुणाचा आहे?”

सगळ्या मुली निरखून बघू लागल्या. फोटोतल्या दाराच्या पडद्याच्या कडेला मेंदीची नखं स्पष्ट दिसत होती. ते सांगायची हीच वेळ होती, आणि समोर ज्यांना सांगायला हवं त्याच बसल्या होत्या.

“घरातली कुणीतरी असेल,” मी म्हणाले. टाळ्या झाल्या. मला शाल दिली.

घरी येऊन मी कपाटातलं गुरुजींचं पाकीट काढलं. तो फोटो तेव्हा मराठी वर्तमानपत्रातही छापून आला होता, आणि त्यानंतर आलेलं हे त्यांचं पत्र. फोटो नीट कातरून सोबत जोडला आहे.

‘बाईसाहेबांस सलाम. आपला फोटो सर्व गावास दाखविला. फार आनंद झाला. राबियाच्या आईने चार महिन्यांत प्रथम पोटभर जेवण केले. ती म्हणते, आता काळजी नाही. पुरुष असता तर बाहेरच बसून परत आला असता. या बाई आहेत, या आत जाऊन बघतील.’

त्यालाच मी धाडलेल्या उत्तराची कार्बन प्रत टाचलेली आहे. सरकारी कागद, वर अशोकस्तंभ, खाली माझी सही. मजकूर एका ओळीचा आहे, ‘शोध चालू आहे.’